मावळे रंगवायच्या आधी रंग ठरवा: छोट्या फिगरसाठी कलर स्कीम कशी निवडायची

दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. चौदा मावळे आणि एक महाराज असा पंधरा फिगरचा लॉट मी महिनाभर रोज रात्री बसून रंगवला. प्रत्येकाची पगडी वेगळी, शेला वेगळा, अंगरखा वेगळा, सेटमध्ये होते नव्हते ते बाराच्या बारा रंग प्रत्येकाच्या अंगावर चढवले, कारण तेव्हा डोक्यात हेच की जितके जास्त रंग तितकी मेहनत दिसेल. अंगणात किल्ला झाला, मावळे मांडले, आणि सहा वर्षांचा भाचा समोर उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "मामा, यातले महाराज कोणते?"

ब्रशकाम वाईट नव्हतं हो. डोळे काढले होते, मिशा काढल्या होत्या, तलवारीच्या मुठीवर सोनेरी टिपका होता. पण चार हातांवरून बघितलं की अख्खा किल्ला म्हणजे कुणीतरी भेळ सांडून गेल्यासारखा. शेजारच्या आजीनेही वाकून बघितलं आणि विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?"

तेव्हापासून मी ब्रश ओला करायच्या आधी एक संध्याकाळ फक्त रंग ठरवण्यात घालवतो. ते कसं ठरवतो ते इथे सगळं लिहितोय. मी जळगावचा आणि मावळे रंगवतो म्हणून उदाहरणं मावळ्यांची येतील, पण तुम्ही पोळ्याचे मातीचे बैल रंगवा, गुलाबाई-गुलोजीच्या मूर्ती रंगवा नाहीतर वॉरगेमिंगचे, म्हणजे टेबलावर खेळायच्या युद्धखेळातले, राक्षस रंगवा, पद्धत तीच लागू पडते.

फिगर उभी कुठे राहणार?

पहिला प्रश्न रंगाचा नाहीच. ही फिगर कोण, किती लांबून, कशावर ठेवून आणि कुठल्या उजेडात बघणार हा पहिला प्रश्न.

लांबून म्हणजे काय ते सांगतो. बाजारातले प्लास्टरचे मावळे तीन-चार इंचाचे असतात, थ्रीडी प्रिंट केलेले रेझिनचे बरेचदा 28 मिमीचे, आणि 1/72 मापाचा प्लास्टिकचा सैनिक जेमतेम इंचभर. किल्ल्यावर माणूस उभा राहून बघतो, म्हणजे डोळा आणि फिगर यात पाच फुटांचं अंतर. तेवढ्यावरून डोळ्याचं बुबुळ कुणालाही दिसत नाही. दिसतं ते इतकंच की कपड्याचा मोठा भाग कुठल्या रंगाचा, चेहरा कुठे आहे, आणि माणूस मातीपासून सुटा दिसतोय का नाही. काचेच्या शोकेसमध्ये नाकासमोर ठेवणार असाल तर बारीक छटांना अर्थ आहे, किल्ल्यावर नाही. आणि एक गोष्ट, छोट्या वस्तूवर रंग जास्त गडद वाटतो. एकाच डबीतला मरून चार इंची मावळ्यावर मरून दिसेल पण 28 मिमीवाल्यावर जवळपास काळाच, म्हणून फिगर जितकी लहान तितका रंग एक-दोन पायऱ्या उजळ घ्यायचा.

आता जमीन. आपल्याकडे किल्ला बनतो तो काळ्या मातीचा, ती ओली असताना काळी आणि सुकली की राखाडी, वर अळीव नाहीतर मोहरी पेरलेली, आठवड्यात कोवळं हिरवं येतं. म्हणजे काळा आणि पोपटी हे दोन रंग जमिनीने आधीच घेऊन ठेवलेत. हिरवा अंगरखा दिला की मावळा अळिवात गेला, चॉकलेटी सुरवार दिली की कमरेखालचा माणूस मातीत गेला, माझे त्या वर्षीचे पाच जण तसेच अर्धे गाडलेले दिसत होते. उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तीच माती थापून सुकवायची आणि पहिल्या दिवसापासून फिगर त्यावरच उभी करून रंग बघायचा.

उजेडाचं मी आईकडून शिकलो, आणि ते रंगाच्या दुकानात नाही, फुले मार्केटात. साडी कितीही आवडू दे, ती दुकानदाराला म्हणणार "जरा बाहेर उजेडात बघू द्या" आणि साडी घेऊन पायरीवर येणार. आतल्या लाइटखाली दिसलेला राणी कलर बाहेर भलताच निघतो हे तिला पक्कं माहीत. आपलं प्रकरण उलटं आहे, आपण रंगवतो पांढऱ्या एलईडीखाली आणि लोक बघतात संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात. पणतीच्या पिवळ्या उजेडात निळ्याचा अंश फार कमी असतो, त्यामुळे माझा लाडका निळा शेला, जो दिवसा मोरासारखा दिसायचा, तो रात्री राखेसारखा झाला. लाल, भगवा, क्रीम मात्र त्याच उजेडात पेटून उठतात. तेव्हा पुठ्ठ्यावरची ट्रायल एकदा खोलीतला लाइट घालवून पणतीशेजारी बघाच.

रंगाच्या आधी उजळ आणि गडद

हा टप्पा नवीन माणसं सोडतात आणि नेमकी इथेच फिगर बिघडते. डोळ्याला आधी उजळ-गडद कळतं, रंग नंतर कळतो. लाल अंगरखा आणि हिरवा शेला, नावं काढली तर एकदम विरुद्ध, पण दोन्ही मध्यम गडद असले तर लांबून एकच गोळा दिसतो.

तपासायचं कसं तर मोबाइलवर. ट्रायल फिगरचा फोटो काढा, एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. अंगरखा, शेला, चेहरा, पगडी हे चारही भाग वेगवेगळे राखाडी दिसले तर स्कीम चालेल. माझ्या त्या जुन्या लॉटचा असा फोटो काढला तर पंधराच्या पंधरा जण ओल्या सिमेंटचे वाटत होते, भाच्याची काहीच चूक नव्हती.

यासाठी प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराच्या, वेळीच एक युक्ती करून ठेवायची. आधी पूर्ण फिगरवर काळा किंवा गडद राखाडी प्रायमर, तो सुकला की फक्त वरच्या बाजूने, दुपारचं ऊन पडतं तसा, पांढऱ्या स्प्रेचा हलका फवारा. लगेच दिसतं की कुठे उजेड पडतो, म्हणजे पगडी, खांदे, नाक, गुडघे, आणि कुठे सावली, म्हणजे काखेत, शेल्याच्या खाली, दोन पायांच्या मध्ये. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे कुठे हायलाइट, म्हणजे उजळ छटा, द्यायचा हे विचारायला दुसरीकडे जावं लागत नाही. स्प्रे नसेल तर काळ्यावर कोरड्या ब्रशने पांढरा घासला तरी काम भागतं.

मग स्वतःला विचारायचं की या फिगरवर सगळ्यात उजळ जागा कुठली हवी. बहुतेक वेळा चेहरा आणि त्याच्या आसपास. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भाग एकमेकांना चिकटून असतील तिथे नजर जाते, म्हणून गडद पगडीखाली उजळलेला चेहरा छान उठतो. बुटावर चकचकीत पांढरा लावला तर लोक बूटच बघणार.

साडीचा हिशेब

परदेशी व्हिडिओत 60-30-10 सांगतात, साठ टक्के एक रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के तिसरा. मला ते टक्क्यांत कधीच लक्षात राहिलं नाही, साडीत राहतं. अंग एका रंगाचं, काठ-पदर दुसऱ्या रंगाचा, आणि बुट्टी तिसऱ्या. बुट्टी काठाएवढी मोठी केली की साडीची चादर होते.

मावळ्यावर अंग म्हणजे अंगरखा आणि सुरवार, दोन्ही जवळजवळच्या छटांत. काठ म्हणजे पगडी आणि कमरेचा शेला, दोन्ही एकाच रंगाचे किंवा सख्ख्या भावांसारखे. बुट्टी म्हणजे तलवारीची मूठ, ढालीवरची फुलं, कपाळावरचा टिळा. कातडी, लाकूड, लोखंड हे रंग मी मोजत नाही, ते सगळ्यांवर सारखेच असतात.

अंगासाठी शांत, थोडा मातकट रंग घ्या आणि भडकपणा बुट्टीसाठी राखून ठेवा. नवीन माणूस बरोबर उलटं करतो, सगळ्यात भडक रंग सगळ्यात मोठ्या जागेवर, कारण ती डबी नवी कोरी असते आणि हात शिवशिवतो.

काठाचा रंग अंगाच्या रंगाशी भांडायला हवा की जुळवून घ्यायला हवा, हे कशावर ठरवायचं? रंगचक्रात समोरासमोर येणारे लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा, या जोड्या शेजारी आल्या की एकमेकांना आणखी तापवतात. शेजारचे रंग, जसे पिवळा, नारिंगी, लाल, हे एकाच घरातले वाटतात. फौजेसाठी शेजारचे घ्या आणि नायकासाठी एक समोरचा, इतकं धरलं तरी पुष्कळ आहे. समोरासमोरचे दोन्ही पूर्ण भडक मात्र नको, एकाला मातीत लोळवून घ्या, म्हणजे त्यात थोडा ब्राउन किंवा त्याच्या समोरचाच रंग थेंबभर मिसळा.

शेजारचा रंग काय करतो याचा एक जुना किस्सा आहे. फ्रान्समध्ये गोबेलांच्या विणकाम कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते, त्यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका येतोय. त्यांनी तपासलं तर काळ्या धाग्यात काही दोष नव्हता, त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका वाटत होता. त्यावर त्यांनी 1839 मध्ये पुस्तकच काढलं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच की डबीचं झाकण बघून रंग ठरवू नका, शेजारी काय येणार ते लावून बघा. राखाडी शेला लाल अंगरख्यावर हिरवट वाटतो, निळ्यावर नारिंगीसर.

मग रंग नेमके कुठले घ्यायचे?

शिवकाळातल्या मावळ्याला आजच्या फौजेसारखा एकसारखा गणवेश नव्हता, ज्याच्या त्याच्या अंगावर ज्याचे त्याचे कपडे. म्हणजे आपल्याला मोकळीक आहे, पण मोकळीक म्हणजे फ्लोरोसंट पोपटी नाही. कपड्यासाठीचा पहिला कृत्रिम रंग, पर्किन नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाचा जांभळा, निघाला 1856 मध्ये. त्याच्या आधीचं कापड रंगायचं मुख्यतः झाडपाल्यावर आणि मातीवर. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा लाल, नीळ, हळदीचा पिवळा, पळसाच्या फुलांचा केशरी, हिरडा आणि लोखंड मिळून काळा, नाहीतर न रंगवलेलं मळखाऊ सुती कापड. एवढ्याच रंगांत राहिलात तर फौज आपोआप त्या काळातली दिसायला लागते, आणि गंमत म्हणजे हे सगळे रंग एकमेकांशी जमतात सुद्धा.

कमी रंगात किती होतं हे बघायचं असेल तर आपल्याला लांब जायची गरज नाही, जळगावपासून अजिंठा साठेक किलोमीटर. तिथल्या चित्रकारांकडे काय होतं तर लाल गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दी निळा. एवढ्यावर पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व उभा आहे. निळा महाग आणि लांबून आणलेला, त्यामुळे तो ऊठसूट कुठेही फासलेला नाही. मी आता ट्रायलला बसताना सहाच डब्या बाहेर काढतो आणि बाकीचा सेट कपाटात टाकतो, नाहीतर हात जातोच.

सहा डब्या म्हणजे पांढरा, काळा, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक लाल, अल्ट्रामरीन निळा. स्टेशनरीच्या दुकानातले साधे अ‍ॅक्रिलिक चालतात, सुरुवातीला महागड्या परदेशी बाटल्या अजिबात घेऊ नका, फक्त पातळ करून दोन-तीन हात द्या. जाड एकच हात दिला की मिशी आणि ओठ एक होतात.

भगव्याबद्दल माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. प्रत्येक मावळ्याला भगवी पगडी दिली की भगवा झेंडा दिसत नाही. दिसणार कसा, तोच रंग पंधरा ठिकाणी विखुरलाय. गेल्या वर्षी मी पूर्ण किल्ल्यावर भगवा फक्त दोन जागी ठेवला, झेंड्यावर आणि महाराजांच्या शेल्यावर. मावळ्यांना मळखाऊ क्रीम ते धुळकट ब्राउनच्या चार छटा, पगड्या आलाच्या लालाकडे झुकणाऱ्या, अधूनमधून एखादा निळीचा शेला. महाराजांचा अंगरखा सगळ्या किल्ल्यात सगळ्यात उजळ, जिरेटोपावर सोनेरीचा एकच स्पर्श. सोनेरीची तर आपल्याला सवय, सुवर्णनगरी जळगावची माणसं आपण, पण छोट्या फिगरवर सोनं जितकं कमी तितकं खरं वाटतं, आणि त्याच्याखाली ब्राउनचा हात असेल तरच उठतं, चांदीच्या खाली काळा.

छटा काढताना काळा-पांढरा घालून भरीत करू नका

स्कीम ठरली तरी सावली आणि हायलाइट चुकीच्या रंगाने दिले की सगळं मुसळ केरात. सावलीसाठी काळा आणि उजेडासाठी पांढरा हा शाळेतला फॉर्म्युला विसरा.

पिवळ्यात काळा घातला तर हिरवट शेवाळ तयार होतं, पिवळ्याची सावली बर्न्ट सिएनाने करा. लालात पांढरा घातला तर गुलाबी, म्हणून लाल उजळायचा तो नारिंगीने आणि गडद करायचा ब्राउन किंवा थेंबभर निळ्याने. हिरवा पिवळ्याने उजळतो. पिवळा काळ्या प्रायमरवर कधीच झाकत नाही, पाच हात द्याल आणि वैतागाल, आधी खाली क्रीम किंवा ऑकर द्या. काळी दाढी, काळा घोडा हे पूर्ण काळे करू नका, निळसर गडद राखाडी लावा आणि अस्सल काळा फक्त खोल सावलीत.

पांढऱ्या कपड्याचं गणित वेगळंच. डबीतला पांढरा थेट लावला की पुढे उजेड दाखवायला जागाच उरत नाही. बेस फिका राखाडी किंवा क्रीम, आणि शुद्ध पांढरा फक्त घडीच्या कडेवर, खांद्यावर. सावली कुठली द्यायची हे माणसावर ठरतं. नुकतं नीळ देऊन वाळवलेलं धोतर आठवा, त्याच्या घडीत निळसर झाक असते, ती महाराजांना. आणि चार दिवस घोड्यावर असलेल्याच्या कपड्याला खाकी, धुळकट सावली. दोन्ही पांढरेच, पण माणूस वेगळा कळतो.

चेहऱ्यासाठी स्किन म्हणून मिळणारी गुलाबी डबी आपल्या माणसावर लावू नका, मावळा इंग्रज दिसतो. मी ताटलीत बर्न्ट सिएनाचे दोन थेंब, ऑकरचा एक आणि पांढऱ्याचा अर्धा घेतो, हा बेस. त्यातच टोकभर निळा घालून डोळ्यांच्या खोबणी, नाकाची बाजू, खालच्या ओठाखाली. बेसमध्ये थोडा ऑकर आणि पांढरा वाढवून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड. प्रत्येक मावळ्याला थेंब थोडे मागे-पुढे करा, एक सावळा, एक उन्हात करपलेला, नाहीतर पंधरा जुळे भाऊ तयार होतात.

एकावर ट्रायल, मग वहीत, मग लॉट

पूर्ण लॉट एकदम सुरू करायचा नाही. जी फिगर मोडकी आहे, तलवार तुटलेली आहे, तिच्यावर पूर्ण स्कीम करून बघा, अर्धी नको. ती मातीच्या पुठ्ठ्यावर ठेवा, पाच फूट मागे जा, डोळे किलकिले करा, मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट बघा, पणतीशेजारी बघा. एक रात्र तशीच ठेवून सकाळी परत बघा, रात्री आवडलेलं सकाळी टिकलं तरच पुढे.

काही खुपत असेल तर नवीन रंग वाढवायच्या आधी एक रंग काढून टाकून बघा. दहातल्या आठ वेळा माझं तिथेच भागतं. पूर्ण फिगर विस्कटलेली वाटत असेल तर ब्राउन खूप पातळ करून, चहाच्या पाण्यासारखा, सगळ्यावरून फिरवा, सगळे रंग एका धुळीत येतात आणि भांडण मिटतं.

पसंत पडलं की वहीत लिहा, थेंबांत. माझी चौकडीची वही आहे, प्रत्येक मिश्रणाचा ठिपका, शेजारी किती थेंब कशाचे, आणि कुठे लावलं. ही वही नसल्यामुळे एकदा बाराव्या मावळ्याला पगडीचा लाल संपला आणि पुन्हा तो लाल काही जुळला नाही, शेवटी तीन पगड्या परत रंगवल्या. लॉट करताना एक रंग सगळ्यांवर, मग दुसरा रंग सगळ्यांवर, असं जा.

आपल्या हवेचं काय

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी अ‍ॅक्रिलिक ताटलीतच वाळतं आणि मिश्रण पाच मिनिटांत बदलतं, मग तुम्ही म्हणता रंग चुकला. चपट्या डब्यात ओला स्पंज किंवा चार पदरी ओला टिश्यू ठेवा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, रात्रभर ओला राहतो. उन्हाळ्यात स्प्रे भल्या पहाटे मारा, भर उन्हात तो हवेतच सुकून फिगरवर रव्यासारखा बसतो. पावसाळ्यात उलटं दुखणं, दमट हवेत मी घाईने मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, वार्निशचा स्प्रे मारला आणि दोन तयार मावळे दुधाळ पांढरे पडले.

वार्निश द्यायचंच आहे, कारण अळिवाला रोज पाणी मारताना मावळ्यांनाही अंघोळ होते. पण वार्निशने रंग बदलतो. मॅटने थोडा फिका आणि उजळ वाटतो, ग्लॉसने गडद आणि भडक. त्यामुळे ती तलवार तुटलेली ट्रायल फिगर वार्निशसकट पूर्ण करा आणि मगच पुठ्ठ्यावर ठेवून ठरवा. माझी अजून टेबलावर उभी आहे, यंदा तिच्या अंगरख्यात थोडा ऑकर वाढवायचाय.